शेतातला कॅमेरा सारखा ऑफलाईन जातोय? शिडी काढण्याआधी हे तपासा

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात विहिरीवर, गोठ्यावर, पोल्ट्रीवर, पॅक हाऊसवर कॅमेरे लावून ते घरच्या एनव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या पेटीला, वायरलेसने जोडायचं काम मी करतो. मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एक सीपीई (सिग्नल पाठवणारं-घेणारं वायरलेस यंत्र, त्यालाच आम्ही डिशही म्हणतो) घराच्या गच्चीवर, दुसरं शेतात पाईपवर, मध्ये अर्धा ते दोन किलोमीटर मोकळी हवा, आणि शेतातल्या सीपीईला एक ते चार कॅमेरे. बसवल्यावर काही दिवस सगळं झकास चालतं, मग कॅमेरा येतो-जातो सुरू होतं. दोष तेच तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

लक्षणं

तुमचा त्रास यातला कोणता, ते आधी ठरवा.

- अंधार पडला की कॅमेरा जातो, उजाडल्यावर आपोआप येतो.
- विहिरीची मोटर चालू झाली की सगळे कॅमेरे एकदम जातात आणि दोन-तीन मिनिटांनी परत येतात.
- पाऊस पडला की जातो, कडक ऊन पडलं की येतो.
- उन्हाळ्यात चांगला होता, ऊस वाढला तसा हळूहळू बिघडत गेला.
- सोलरवरचा कॅमेरा दोन-तीन दिवस आभाळ राहिलं की पहाटे बंद पडतो.
- दोन कॅमेरे आळीपाळीने दिसतात, दोन्ही एका वेळी कधीच नाहीत.
- सिग्नलचे दिवे पूर्ण, तरी चित्र अडकतं, रात्री जास्तच.
- घरच्या टीव्हीवर व्यवस्थित दिसतं, बाहेरगावी मोबाईलवर दिसत नाही.
- सिमकार्डवाला कॅमेरा दुपारनंतर बंद, रात्री बारा वाजून गेले की चालू.

शेवटच्या दोन लक्षणांचा तुमच्या डिशशी काही संबंध नाही, ती लगेच निकालात काढू. टीव्हीवर दिसतंय म्हणजे शेतापासून घरापर्यंतचा वायरलेस दुवा ठीक आहे. दोष घरचं इंटरनेट किंवा मोबाईलमधलं अ‍ॅप यात आहे. इंटरनेटवाल्याला फोन करा, पाईपला हात लावू नका. सिमवाल्याचं गणित त्याहून सोपं आहे. २ एमबीपीएसवर चालणारा कॅमेरा लाईव्ह पाहिला तर तासाला साधारण ९०० एमबी खातो. रोजच्या दीड जीबीचं पॅक असेल तर पावणेदोन तासांत खेळ खलास, आणि मध्यरात्री नवा डेटा मिळाला की कॅमेरा जागा होतो. मोबाईलवर कायम सब-स्ट्रीम, म्हणजे कमी डेटा खाणारं लहान चित्र, बघा, मोठं चित्र गरज पडली तरच उघडा.

पहिलं काम: वेळ लिहून काढा

याला खर्च नाही आणि निम्मा शोध इथेच लागतो. एनव्हीआरच्या लॉगमध्ये ‘व्हिडिओ लॉस’च्या नोंदी वेळेसकट असतात. आठवडाभराच्या नोंदी कागदावर उतरवा आणि शेजारी लिहा: तेव्हा लाईट होती का, मोटर चालू होती का, पाऊस होता का, वारा होता का. रोज ठरलेल्या वेळी जाणारा कॅमेरा आणि कधीही जाणारा कॅमेरा हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला जवळजवळ नेहमी विजेचा असतो.

मग शेतातल्या सीपीईच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या पानावर, दोन आकडे बघा: अपटाईम, म्हणजे यंत्र किती वेळ सलग चालू आहे, आणि कनेक्शन टाईम, म्हणजे दुवा किती वेळ टिकून आहे. कॅमेरा गेल्या तासात गेला होता आणि अपटाईमसुद्धा तासाच्या आतला असेल, तर यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालंय. तिथे सिग्नल शोधू नका, वीज शोधा. अपटाईम पंधरा दिवसांचा पण कनेक्शन टाईम वीस मिनिटांचा असेल, तर यंत्राला वीज नीट मिळते आहे आणि तुटतोय तो रेडिओचा दुवा. गिऱ्हाईक फोनवर ‘रेंज जाते’ म्हणतं तेव्हा मी आधी हेच दोन आकडे विचारतो. बहुतेक वेळा रेंजचा प्रश्नच नसतो.

घरात बसून: कुठला टप्पा तुटतो

लॅपटॉप राउटरला केबलने जोडा आणि क्रमाने पिंग करा, म्हणजे प्रत्येक यंत्राला हाक मारून उत्तर येतं का बघा: राउटर, घरचं सीपीई, शेतातलं सीपीई, मग कॅमेरा. चार खिडक्या उघडून चारही पिंग एकदम चालू ठेवलेत तर उत्तम. घरच्या सीपीईपर्यंत सगळं ठीक आणि शेतातल्या सीपीईपासून पुढे तुटत असेल, तर दोष हवेत किंवा शेतातल्या विजेत आहे. शेतातलं सीपीई उत्तर देतंय पण कॅमेरा देत नाही, तर कॅमेरा, त्याचा अडॅप्टर किंवा मधली केबल. हे न करता थेट डिश फिरवायला घेतली की चांगली बसलेली डिशही हलते आणि एकाचे दोन दोष होतात.

कॅमेरे आळीपाळीने दिसत असतील तर दोघांचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, एकच आहे. एका कंपनीचे कॅमेरे खोक्यातून निघताना सगळ्यांचा आयपी बहुधा सारखा असतो. एकेक कॅमेरा लावून प्रत्येकाला वेगळा पक्का आयपी द्या, आणि तो राउटर आपोआप वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा ठेवा. नाहीतर उद्या पाहुण्यांच्या मोबाईलला तोच आयपी मिळेल आणि कॅमेरा पुन्हा जाईल.

वीज: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

रात्री जाणाऱ्या कॅमेऱ्याकडे आधी येऊ. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची विजेची भूक दुपटीच्या आसपास जाते. दिवसा पाव अँपियरवर भागवणारा कॅमेरा रात्री अर्धा अँपियर मागतो. आता तो १२ व्होल्टवर असेल आणि वीज नेटवर्कच्याच केबलमधून ६० मीटर लांब नेली असेल, तर चांगल्या तांब्याच्या केबलवरही अर्ध्या अँपियरला पावणेतीन व्होल्ट वाटेतच जातात. कॅमेऱ्याला उरतात सव्वानऊ. तो चालू होतो, दिवे लावतो, व्होल्टेज कोसळतं, बंद पडतो, परत चालू होतो. रात्रभर हेच. सकाळी दिवे विझले की शहाण्यासारखा चालायला लागतो.

त्यात केबल सीसीए असेल, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा, तर घट आणखी दीडपटीच्या घरात जाते. बाजारात स्वस्त बंडल म्हणून हीच केबल गळ्यात मारतात. ओळखायचं कसं? तार कटरने तोडून टोक बघा. आत पांढरं दिसलं तर तांबं नाही. तार ब्लेडने खरवडली तरी कळतं.

तपासायची सोपी रीत: रात्री दिवे लागलेले असताना मल्टिमीटरने कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टेज मोजा. अडॅप्टरच्या टोकाला मोजून उपयोग नाही, तिथे १२ दिसणारच. साडेदहा-अकराच्या खाली असेल तर दोष सापडला. मीटर नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये इन्फ्रारेड दिवे एक रात्र बंद ठेवा. कॅमेरा टिकला तर निदान पक्कं. उपाय दोन. एक, अडॅप्टर कॅमेऱ्याजवळ न्या. दोन, ४८ व्होल्टचा पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) स्विच आणि पीओई चालणारा कॅमेरा वापरा; तेवढीच शक्ती ४८ व्होल्टवर नेताना प्रवाह चौपटीने कमी होतो आणि त्याच ६० मीटरवर व्होल्टभरही घट होत नाही. मात्र सीपीईसोबत आलेला इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर, बहुधा १२ किंवा २४ व्होल्टचा असतो. त्याच्या जागी घरात पडलेला ४८ व्होल्टचा साधा इंजेक्टर लावू नका, सीपीई जळू शकतं. खोक्यावरचे आकडे जुळवूनच बदला.

मोटर चालू होताना जाणारे कॅमेरे: थेट स्टार्टरवरची मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. लांब ओढलेल्या वायरवर त्या क्षणी व्होल्टेज खाली येतं आणि अडॅप्टर मान टाकतो. सगळे कॅमेरे एकदम जाऊन दोन-तीन मिनिटांनी येतात, कारण सीपीई आणि कॅमेरा यांना पुन्हा चालू व्हायला तेवढा वेळ लागतो. राउटरसाठी मिळतो तसा छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस मध्ये टाका. शेतीची थ्री फेज लाईट ये-जा करते त्या वेळचा धक्काही तो झेलतो. अडॅप्टर जुना असेल तर उघडू नका, बदलाच. पत्र्याच्या शेडमधल्या बंद पेटीत एप्रिल-मे काढलेल्या अडॅप्टरचे कपॅसिटर फुगलेले असतात. मीटरवर १२ दाखवतो आणि भार आला की बसतो.

सोलरवाल्यांनी एक हिशोब करावा. सीपीई आणि कॅमेरा मिळून सरासरी १० वॅट धरले तर दिवस-रात्रीचे २४० वॅट-तास होतात. १२ व्होल्ट २० अँपियर-अवरची बॅटरी कागदावर बरोबर तेवढीच आहे, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर संपते. त्यामुळे पावसाळ्यात पहाटे कॅमेरा जाणारच. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही, मोठी बॅटरी आणि मोठं पॅनेल लागतं. त्याआधी पॅनेलवरची धूळ पुसून बघा, हे काम फुकटचं आहे.

खोडद-नारायणगावच्या बाजूला कुणी कुणी जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिशना दोष देतं. त्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश फक्त ऐकतात, काहीही सोडत नाहीत, आणि ऐकतात तेही साधारण १५०० मेगाहर्ट्झच्या खालचं. आपलं सीपीई ५८०० च्या आसपास चालतं. उलट आपले हलके अडॅप्टर जो विद्युत गोंगाट करतात त्याचा त्रास दुर्बिणीला होऊ शकतो. त्या भागात तरी अडॅप्टर चांगला घ्या.

पाणी, मुंग्या आणि जॅक

पाऊस पडला की जातो, म्हणून लोक म्हणतात पावसाने सिग्नल अडवला. ५.८ गिगाहर्ट्झवर ढगफुटीसारखा पाऊस असला तरी किलोमीटरला एखादा डीबी (सिग्नल मोजायचं माप) जातो. एवढ्याने दुवा तुटत नाही. पाणी शिरतं ते जॅकमध्ये.

सीपीईचं खालचं झाकण उघडा, जॅक काढा, पिना बघा. हिरवट किंवा काळपट डाग दिसला तर तो जॅक कापून टाका आणि नवीन क्रिम्प करा; पुसून चालत नाही. केबल पेटीत शिरण्याआधी खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून जाईल. केबल वरून सरळ पेटीत आली तर पाणी तिच्या अंगावरून थेट आत येतं. कॅमेऱ्याची शेपटी, म्हणजे जिथे त्याची केबल आणि आपली केबल जोडली जाते, ती उघड्यावर लोंबकळत ठेवू नका. पेटीत घ्या, पेटीचं भोक खालच्या बाजूला ठेवा.

पेटी उघडताना जपून. लाल मुंग्या, पाली, कधी गांधीलमाश्याही असतात. मुंग्यांनी जॅकमध्ये घर केलं की पिना आपसात जुळतात आणि १०० एमबीपीएसचा पोर्ट १० वर येतो किंवा सारखा तुटत राहतो. सीपीईच्या पानावर पोर्टचा वेग दिसतो. १० दिसला तर केबल, जॅक किंवा जळका पोर्ट यातलं काहीतरी आहे. केबल जमिनीलगत गेली असेल तर पूर्ण लांबी चालत बघा. उंदीर आणि खारी बाहेरचं आवरण कुरतडतात, आत पाणी मुरतं आणि दोष पावसाळ्यातच बाहेर येतो. पाईपातून नेलेली केबल सहसा वाचते.

सेटिंग

आता लॅपटॉपवरचं काम. बदल एकावेळी एकच करा, एक दिवस जाऊ द्या, मग पुढचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर काय लागू पडलं ते कधीच कळत नाही.

चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. कंपनी ४० किंवा ८० ठेवून पाठवते, कारण खोक्यावर मोठा वेग छापता येतो. चार कॅमेऱ्यांना प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तरी १६ एमबीपीएस लागतात, ते २० मेगाहर्ट्झवर आरामात जातात. रुंदी निम्मी केली की आत येणारा गोंगाटही निम्मा होतो.

कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे तो सेकंदाला किती डेटा पाठवतो ते, बांधा. चित्र अडकणं रात्री वाढतं याचं कारण अंधारातल्या चित्रात दाणे येतात. कॅमेऱ्याला ते हालचाल वाटते आणि तो दिवसापेक्षा जास्त डेटा पाठवतो. एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), सेकंदाला १२ ते १५ फ्रेम, कमाल २ ते ३ एमबीपीएस एवढं गोठ्यावर लक्ष ठेवायला भरपूर आहे.

चॅनेल बदला, पण बघून. सीपीईमधला स्कॅन चालवून आसपास कोण कुठे आहे ते पाहा. २.४ गिगाहर्ट्झवर असाल तर १, ६, ११ एवढेच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, आणि गावात तिन्ही भरलेले असतात. जमेल तर ५ वर या. ५ मध्ये ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. सीपीईला रडारसारखं काही ऐकू आलं की ते चॅनेल सोडतं, अर्धा तास तिथे परतत नाही, आणि त्या पट्ट्यातल्या दुसऱ्या चॅनेलवर गेलं तर आधी किमान मिनिटभर ऐकत बसतं. वीज ठीक, सिग्नल ठीक, तरी अधूनमधून मिनिटभर सगळं गप्प, असं असेल तर बहुधा हेच. १४९ ते १६५ यांपैकी एखादा मोकळा चॅनेल पक्का करून टाका.

पॉवर वाढवायचा मोह आवरा. दोनशे मीटरच्या दुव्यावर पूर्ण पॉवर ठेवली तर समोरचं यंत्र ओरडण्याने बधिर होतं. सिग्नल उणे ५० ते उणे ६५ डीबीएम असावा. उणे ७० पर्यंत चालतं, उणे ७५ च्या खाली त्रास ठरलेला, आणि उणे ३५ दिसत असेल तर पॉवर कमी करा. जास्त पॉवरसाठी सेटिंगमध्ये दुसऱ्या देशाचं नाव टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे.

वाट मोकळी आहे का

उन्हाळ्यात बसवलेला दुवा पावसाळ्यात बिघडतो त्याचं आमच्याकडचं पहिलं कारण ऊस. गच्चीवरून शेतातला पाईप डोळ्यांना दिसतो, म्हणून वाट मोकळी आहे असं वाटतं. पण रेडिओला नुसती सरळ रेघ पुरत नाही. दोन डिशच्या मध्ये त्याला काकडीसारखी, मधोमध फुगलेली जागा लागते. १ किलोमीटरच्या दुव्यावर ५.८ गिगाहर्ट्झला मधोमध या जागेची त्रिज्या ३.६ मीटर असते आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे दोन मीटरच्या थोडं वर, रिकामी हवी.

आता हिशोब बघा. गच्चीवरचं सीपीई जमिनीपासून ६ मीटर, शेतातला पाईप ३ मीटर. जमीन सपाट असेल तर मधोमध रेघ साडेचार मीटरवर. ऊस साडेतीन मीटर झाला की उरला एक मीटर, लागतात दोन. शेताच्या बाजूला तर रेघ अजून खाली येते. लागवड झाली तेव्हा सगळं मोकळं होतं, म्हणून बसवणाऱ्याला काहीच चुकीचं दिसलं नाही. आडसाली ऊस तर दुसऱ्या वर्षाच्या गाळपापर्यंत उभाच असतो. त्यात ओली पानं कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त सिग्नल पितात, म्हणून पाऊस आणि ऊस दोन्ही मिळून दुवा तोडतात आणि ऊन पडलं की तो थोडा सावरतो. बांधावरची सुबाभूळ, गिरिपुष्प, सिल्व्हर ओक यांचंही हेच, फक्त सावकाश.

उपाय उंचीचा. शेताकडचा पाईप ३ वरून साडेसात मीटरवर नेला की मधोमध रेघ पावणेसातवर जाते आणि ऊस कितीही माजला तरी वाट राहते. एवढा पाईप ताणतारांशिवाय उभा करू नका. वाऱ्याने डोलला की वाऱ्याच्या दिवशी कॅमेरा जायला लागेल. उंची जमत नसेल तर दुसरी वाट शोधा. शेजाऱ्याच्या घरावर मध्ये एक टप्पा घेता आला तर कितीदा तेच स्वस्त पडतं.

डिश जुळवणं

हे शेवटी, कारण हे हाताचं आणि उंचीवरचं काम आहे. आधीचा सिग्नल लिहून ठेवा, डिशची जागा पाईपवर मार्करने खूण करा. मग एकच बाजू हलवा, अगदी थोडी, आणि आकडा स्थिर व्हायला काही सेकंद थांबा. आधी डावी-उजवी, नंतर वर-खाली. वर-खाली करायचं बहुतेक लोक विसरतात. एक फसवणूक ध्यानात ठेवा: मुख्य झोताच्या आजूबाजूला छोटे झोत असतात. तिथे डिश अडकली की थोडं हलवलं तर सिग्नल कमीच होतो, आणि वाटतं हीच जागा उत्तम. पूर्ण आवाक्यात एकदा फिरवून बघा. मुख्य झोत सापडला की आकडा दहा-वीस डीबीने उडी मारतो. दोन चेनच्या (सीपीईच्या आतल्या दोन अँटेनांच्या) आकड्यांत पाच-सहा डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर एक डिश तिरकी बसली आहे किंवा आत पाणी गेलंय.

उसाकडेच्या पाईपवर हे काम सकाळी ऊन वर आल्यावर करा आणि सोबत कुणीतरी घ्या. दिवेलागणीला तिथे शिडीवर पाठमोरं उभं राहू नका. बिबट्यासाठीच कॅमेरा लावलाय हे विसरायला होतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाईप किंवा शिडी तारांच्या जवळ जात असेल, ११ केव्हीची लाईन आसपास असेल, तर काम सुरूच करू नका. विजेच्या खांबावर सीपीई किंवा कॅमेरा बांधू नका. साडेसात मीटरचा पाईप उभा करणं हे दोन घरच्या माणसांचं काम नाही.

वीज कडाडून गेल्यानंतर दोष सुरू झाला असेल, पोर्ट १० वर अडकला असेल, पेटीत जळका वास असेल, किंवा पाईपला हात लावला तर मुंग्या येत असतील, तर आधी मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर ही मीटर लावून तपासायची कामं आहेत, अंदाजाने होत नाहीत.

वीज ठीक, जॅक नवे, चॅनेल मोकळा, तरी दोन्ही बाजूंचा सिग्नल उणे ७५ च्या वर येत नसेल आणि मध्ये टेकडी किंवा गर्द झाडी असेल, तर अजून मोठी डिश घेण्याआधी जाणकाराला जागा दाखवा. टेकडीतून ५.८ जात नाही. तिथे मधला टप्पा, फायबर किंवा सिमवाला कॅमेरा यातलंच एक निवडावं लागतं.

बोलवाल तेव्हा त्याच्या हातात हे द्या: आठवडाभराच्या वेळांचा कागद, दोन्ही सीपीईचे अपटाईम आणि सिग्नलचे आकडे, रात्री कॅमेऱ्याच्या टोकाला मोजलेलं व्होल्टेज, आणि गच्चीवरून शेताकडे काढलेला फोटो. काय काय बदललं तेही सांगा, आणि काढलेला जॅक, जुनी केबल, अडॅप्टर टाकून न देता त्याला दाखवा.